फायदा सातबाऱ्यावर, धोका अनवाणी पायांवर

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात केलेल्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी हेच शहर का निवडले, याचा खुलासा केला होता. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी आणि त्यांच्या वस्तीतून वाहणारी ती नाग नदी, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले. ते भाषण आपण दरवर्षी वाचतो, त्याच्या पुस्तिका वाटतो. पण ज्या नदीचे नाव बाबासाहेबांनी घेतले, त्या नदीची आज काय अवस्था आहे, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

आज नाग नदी म्हणजे शहराचे सांडपाणी वाहून नेणारा नाला आहे. लावा परिसरात उगम पावणारी ही नदी अंबाझरी तलावातून निघून शहराच्या मधोमध वाहते. घराघरातील संडास-मोरीचे पाणी, बाजारातील घाण, लहानमोठ्या कारखान्यांचे पाणी पोटात घेत ती पूर्वेला जाते. पुढे ते सारे कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरते. ज्या पवनीच्या भूमीतून प्राचीन स्तूपांचे अवशेष निघाले, त्या पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे. म्हणजे नागपूरच्या सांडपाण्याचा प्रवास शहराच्या हद्दीवर संपत नाही, तो धानाच्या बांधीपर्यंत जातो. वाटेत नदीकाठच्या गावांत मोटार टाकून हेच पाणी पालक, मेथी, सांबार, वांगी, गहू आणि चाऱ्याला दिले जाते.

या विषयावर आज आम्ही लिहीत आहोत, त्याला एक कारण घडले. मागे एका खेड्यातील विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमानंतर आम्ही जलप्रदूषण आणि कायदा या विषयावर बोललो. नाल्याच्या पाण्यावर होणारी शेती बंद करण्यासाठी न्यायालयात जावे लागेल, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढे आली. निंदायला, रोवायला, भाजी तोडायला मजुरीने जाणारी. जयभीम करून ती म्हणाली, "वकीलभाऊ, थे पाणी बंद झालं तं आमचं कामबी बंद होते. मंग पोट कसं भरावं?" आणि बोलता बोलता तिने आपले पाय दाखवले. घोट्यापर्यंत कातडी फुटलेली, खाजवून खाजवून काळी पडलेली.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिच्या पायांचे उत्तरही नव्हते. पाणी चालू राहिले तर पाय जातात, पाणी बंद झाले तर पोट जाते. या कोंडीचा चळवळीने नीट विचार केला पाहिजे, असे आम्हाला तेव्हापासून वाटते.

फायदा खोटा नाही

सांडपाण्यावरची शेती म्हटले की सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. पण शेतकरी मूर्ख नाही. तो हे पाणी घेतो, कारण त्याचा हिशेब त्याला कळतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे पाणी बारमाही आहे. पावसाळा हुकला, विहीर आटली, कालव्याचे आवर्तन लांबले, तरी शहराचे गटार कधी आटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या पाण्यात खत आहे. माणसाच्या मलमूत्रातील नत्र, स्फुरद आणि पालाश त्यात उतरलेले असते. साधा हिशेब करून पाहू. एका लिटर सांडपाण्यात ५० मिलिग्रॅम नत्र धरले आणि एका हेक्टरला वर्षभरात ५,००० घनमीटर पाणी दिले, तर जमिनीत २५० किलो नत्र जाते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र साधारण २१ किलो असते. म्हणजे सुमारे बारा गोण्या युरिया पाण्याबरोबर फुकट मिळाला. खताच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणाऱ्या लहान शेतकऱ्याला या बारा गोण्यांची किंमत कोणी शिकवायला नको. तिसरी गोष्ट म्हणजे शहराची बाजारपेठ जवळ असते. सकाळी तोडलेली भाजी तासाभरात विकली जाते. आणि या सगळ्यातून मजुरांना, विशेषतः बायांना, बारा महिने काम मिळते.

देशाच्या दृष्टीनेही या पाण्याचे मोल मोठे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार भारतातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातील केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर, म्हणजे २८ टक्क्यांवर, प्रत्यक्ष प्रक्रिया होते. दुष्काळाने होरपळणाऱ्या देशात एवढे पाणी घाण म्हणून सोडून देणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी त्या काळातली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी महापुराने त्रस्त झालेल्या ओरिसासमोर असे मांडले होते की, जास्तीचे पाणी हे संकट समजून समुद्रात ढकलून देण्याची दृष्टीच चुकीची आहे. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून वापरायची असते. ज्या पाण्यापासून सुटका करून घ्यायची म्हणून आपण बघतो, त्याचा लोकांच्या हितासाठी उपयोग कसा होईल हे पाहायचे, ही ती दृष्टी. सांडपाण्याकडेही आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

धोकाही खोटा नाही

पण पाणी जसेच्या तसे वापरले तर काय होते, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पहिला धोका रोगजंतूंचा आणि कृमींचा. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे रोग कच्च्या सांडपाण्यातून भाजीवर आणि भाजीवरून पोटात जातात. १९७० साली जेरुसलेम शहरात पटकीची साथ आली. कच्च्या सांडपाण्यावर वाढवलेली आणि न शिजवता खाल्लेली भाजी हे तिचे कारण निघाले. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत पटकी पसरली, तेव्हा चिली देशाने सांतियागो शहराभोवती कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना सांडपाणी देणे बंद केले. पटकी तर आटोक्यात राहिलीच, पण वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून बसलेला विषमज्वरही झपाट्याने उतरला. शिजवून खाल्ले तर खाणाऱ्याचा धोका बराच कमी होतो. पण जो अनवाणी पायांनी त्या चिखलात उभा आहे, त्याला शिजवण्याचा उपाय नाही. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्यात जाऊन रक्त पिते. हैदराबादच्या मुसी नदीकाठी सांडपाण्यावर शेती करणाऱ्यांमध्ये अंकुशकृमीचा धोका जास्त असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. आधीच रक्त कमी असलेल्या, बाळंतपणांनी खंगलेल्या आपल्या मायमाउल्यांच्या अंगात हा कृमी गेला तर काय होते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बाई थकते, धाप लागते, मजुरी बुडते. लोक म्हणतात, बाई आळशी आहे.

दुसरा धोका जड धातूंचा. घरचे सांडपाणी आणि कारखान्याचे पाणी एकाच नाल्यात मिसळले की कॅडमियम, शिसे, क्रोमियम हे विष शेतात येते. रोगजंतू काही दिवसांत मरतात. धातू मरत नाहीत, वर्षानुवर्षे मातीत साचतात. पालेभाज्या आणि धान ते शोषून घेतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीच्या पाण्यातील कॅडमियम भातशेतीत उतरले. तिथल्या लोकांची, मुख्यतः उतारवयाच्या शेतकरी बायांची, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई' पडले. इताई म्हणजे दुखतंय. हा रोग प्रदूषणामुळे झाला हे सरकारने १९६८ साली मान्य केले आणि पुढे पीडितांनी कोर्टातून खाण कंपनीकडून भरपाई मिळवली. आपल्या देशात तामिळनाडूच्या वेल्लोर पट्ट्यात चामडे कमावण्याच्या कारखान्यांच्या पाण्याने सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात आहे.

तिसरा धोका जमिनीचा आणि पिकाचा. क्षार वाढून काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट उतरते. वर सांगितलेल्या बारा गोण्या युरियाचीही दुसरी बाजू आहे. धानाला लागते हेक्टरी शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास नत्र. त्याच्या दुप्पट गेले तर धान नुसते हिरवेगार वाढते, लोळते, कीड लागते आणि लोंबीत दाणा भरत नाही. फुकटचे खतही मोजूनच घालावे लागते, आणि नाल्यातून येणाऱ्या खताचे माप कुणाच्याच हातात नसते.

फायदा कुणाचा, धोका कुणाचा?

सांडपाण्याचे फायदे आणि तोटे यावर कृषितज्ज्ञ लिहितात, पर्यावरणवाले लिहितात. तराजूच्या एका पारड्यात फायदे, दुसऱ्यात धोके घालून ते निष्कर्ष काढतात. आमचा आक्षेप इथेच आहे. हे दोन्ही पारडे एकाच माणसाच्या घरी जात नाहीत.

वाढलेले उत्पन्न कुणाच्या नावावर जमा होते? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. ज्याची मोटार आहे, ज्याच्या शेताला नाला लागून आहे, ज्याची जमीन या पाण्यामुळे जास्त मक्त्याने जाते, त्याच्या. आणि पाण्यात पाय कुणाचे? रोवणीला वाकलेल्या बाईचे, पाट फोडणाऱ्या मजुराचे, तोंडी करारावर जमीन कसणाऱ्या बटईदाराचे. हे लोक कोणत्या वस्तीतून येतात, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. तरीही आपला मोठा समाज सातबाऱ्याबाहेरच राहिला. त्यामुळे फायदा सातबाऱ्यावर चढतो आणि धोका अनवाणी पायांवर. दोन्हीची बेरीज-वजाबाकी करून देशाचा फायदा झाला म्हणणे सोपे आहे. त्या बाईच्या घरी मात्र वजाबाकीच राहते.

आम्ही लहान शेतकऱ्याला शत्रू मानत नाही. नदीकाठी एक-दोन एकरात भाजी पिकवणारा माळी, कोळी, कुणबी बांधवही स्वतः त्याच पाण्यात उतरतो. त्याने नदी घाण केलेली नाही. शहराने केली आहे. स्वच्छ पाणी मिळाले तर तोही हे पाणी घेणार नाही. आमचे भांडण त्याच्याशी नाही, त्याला आणि त्याच्या मजुराला एकाच घाणीत उभे करणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

या व्यवस्थेचा दुटप्पीपणा पाहायचा असेल तर नागपुरातच पाहा. भांडेवाडीच्या केंद्रात सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पाणी पाइपलाइनने महानिर्मितीच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राला जाते. ही योजना चांगली आहे. धरणाचे गोडे पाणी वाचते. पण लक्षात घ्या, वीज केंद्राला पाणी देताना करार झाला, दर ठरला, गुणवत्ता ठरली. यंत्राच्या नळ्या खराब होऊ नयेत म्हणून पाणी स्वच्छ करून दिले गेले. नदीकाठच्या मजुराशी कोणता करार झाला? तिच्या पायांसाठी कोणती गुणवत्ता ठरली? लोखंडाच्या नळीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी माणसाच्या कातडीची घेतली जात नाही.

गटाराच्या एका टोकाला आपला सफाई कामगार बांधव उभा आहे. त्याच्या बाजूने निदान कायदा तरी आहे. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. अंमलबजावणी कशी होते हे आपण जाणतो, तरी लढायला हत्यार आहे. त्याच गटाराच्या दुसऱ्या टोकाला, शेतात, आपली शेतमजूर बहीण उभी आहे. तिचे नाव कोणत्याही कायद्यात नाही. ती गटारात उतरत नाही. गटारच तिच्याकडे येते.

बंदी हे उत्तर आहे काय?

काही लोक म्हणतील, मग बंदी घाला. विहारातील त्या कार्यक्रमात आम्हीही तेच म्हणालो होतो. आज आम्ही आमचे ते मत दुरुस्त करतो. बंदीने नाला थांबत नाही, फक्त मोटारी जप्त होतात. शेतकरी रात्री पाणी घेतो, मजूर अंधारात काम करते. शिवाय गोसेखुर्दसारख्या ठिकाणी सांडपाणी धरणातच मिसळते, तिथे कोणत्या शेतकऱ्यावर बंदी घालणार?

जागतिक आरोग्य संघटनेनेही याबाबत आपली भूमिका बदलली. १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यासाठी मुख्यतः मोजमापे दिली होती : १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जिवाणू १,००० च्या वर नकोत, एका लिटरमध्ये कृमीचे एकापेक्षा जास्त अंडे नको. २००६ च्या सूचनांत असे मांडले की, गरीब देशांना सगळीकडे एकदम मोठी प्रक्रिया केंद्रे उभारणे जमले नाही, तरी रोगाच्या वाटेवर एकामागून एक अडथळे उभे करता येतात. तळ्यात पाणी काही दिवस थांबवले की कृमींची अंडी तळाशी बसतात. ठिबकने दिले तर पाणी पानाला लागत नाही. तोडणीच्या काही दिवस आधी पाणी थांबवले तर उन्हाने जंतू मरतात. भाजी स्वच्छ पाण्याने धुतली, शिजवली की धोका आणखी उतरतो. एकेक अडथळा अपुरा आहे, पण सारे मिळून माणूस वाचतो.

हे कागदावरचे नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरच्या पाणथळ प्रदेशात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सूर्यप्रकाशाने शुद्ध होते. त्यावर मासे, भाजी आणि भात पिकतो. ही व्यवस्था उभी केली ती साध्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला संरक्षण दिले आणि २००२ साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ज्या इस्रायलमध्ये १९७० ची पटकी झाली, तोच देश आज आपले जवळपास नव्वद टक्के सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला देतो. तेव्हा प्रश्न सांडपाणी वापरावे की नाही हा नाही. ते कुणाच्या जिवावर वापरायचे, हा आहे.

कायदा काय सांगतो?

महापालिका नेहमी सांगते, पैसा नाही. या सबबीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच लावला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात उघडी गटारे आणि कारखान्याची घाण यांमुळे त्रासलेले रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले. नगरपालिका पैशाचे रडगाणे गात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ठणकावून सांगितले की, लोकांच्या आरोग्याचे कर्तव्य पैशाअभावी टाळता येणार नाही. तो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खालचा होता. आज त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम १५२ आहे. हा उपाय गरिबाला परवडणारा आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नदीनाल्यात घाण सोडण्यास मनाई केली आहे. स्वच्छ पाणी हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. २०१७ साली त्याच न्यायालयाने नगरपालिकांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. ती मुदत केव्हाच उलटली. नाग नदी शुद्धीकरणाच्या १,९०० कोटींहून अधिक रुपयांच्या प्रकल्पाचे भूमिपूजन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. भूमिपूजनाच्या कोनशिलेने पाणी शुद्ध होत नाही.

आणखी एका कायद्याकडे आम्ही लक्ष वेधतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातीचे लोक नेहमी वापरत असलेला पाण्याचा स्रोत घाण करून वापरण्यास अयोग्य करणे हा गुन्हा ठरवला आहे. महापालिकेच्या नाल्याला हे कलम लावणे सोपे नाही, हे वकील म्हणून आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण कायदा करणाऱ्यांनी पाणी नासवणे हा अत्याचाराचा एक प्रकार मानला, हे महत्त्वाचे आहे. १९२७ साली चवदार तळ्यावर आम्हाला पाणी नाकारले गेले. आज पाणी नाकारत नाहीत. नासवून आमच्याकडे पाठवतात.

आणि एक उणीव दाखवतो. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा पाणीवापर संस्था स्थापन करतो. तिचे सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमीनधारक आणि भोगवटादार. मजुराला तिथे आवाज नाही. ज्याचा पाय पाण्यात, त्याला पाण्याच्या सभेत खुर्ची नाही.

आमच्या मागण्या

पहिली मागणी : कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळणे पूर्ण बंद झाले पाहिजे. जंतूंवर उपाय आहेत, धातूंवर नाहीत. जिथे हे मिसळते तिथले पाणी कोणत्याही खाद्यपिकाला देता कामा नये, आणि ज्याची जमीन यामुळे पडीक राहील त्याला भरपाई कारखान्याने द्यावी.

दुसरी : प्रक्रिया केंद्र होईपर्यंत थांबू नका. नदीकाठच्या सरकारी जमिनीवर साधी निवळण तळी बांधा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांऐवजी चारा, कापूस, फुले, ठिबकवरची संत्री यांकडे वळणाऱ्या लहान शेतकऱ्याला अनुदान द्या.

तिसरी : या पाण्यात काम करणाऱ्या प्रत्येक मजुराला गमबूट आणि हातमोजे, शेतावर हातपाय धुण्यास स्वच्छ पाणी आणि वर्षातून दोनदा रक्त व कृमी तपासणी मिळालीच पाहिजे. २०१५ पासून देशात जंतनाशक दिन पाळला जातो, पण त्याच्या गोळ्या १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. चिखलात उभ्या असलेल्या चाळीस वर्षांच्या आईचा त्यात विचार नाही. या पट्ट्यातील प्रौढ मजुरांनाही डॉक्टरी सल्ल्याने ते औषध द्यावे. खर्च पाणी घाण करणाऱ्या शहराने उचलावा.

चौथी : पाण्याची आणि मातीची तपासणी दर हंगामाला व्हावी आणि तिचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पाचवी : पाणीवापर संस्थेत शेतमजुरांना, त्यातही बायांना, मतासह जागा मिळावी.

कार्यकर्त्यांनीही केवळ मागण्या करून थांबू नये. माहितीच्या अधिकारात आपल्या शहराच्या प्रक्रिया केंद्राचे रोजचे आकडे मागवा. विहारात आरोग्य शिबिर घ्या आणि त्यात नेहमीच्या डोळे-तपासणीबरोबर हिमोग्लोबिनची तपासणी ठेवा. कोणत्या गावात किती बाया या पाण्यात काम करतात, त्यांची वही तयार करा. उद्या कोर्टात उभे राहायचे असेल तर भाषणाची टाळी पुरावा होत नाही. ती वही होते.

तथागतांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले. ते पाणी शेतीचेच होते. शाक्य संघ युद्धाला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी निकाल द्यावा, असा मार्ग त्याने सुचवला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. पाण्याचा निकाल ज्यांना त्याची झळ लागते त्यांनाही सोबत बसवून लावायचा, ही धम्माची रीत आहे. नाग नदीच्या पाण्याचा निकाल आजवर शहराने लावला, अधिकाऱ्यांनी लावला, जमीनवाल्यांनी लावला. त्या पाच जणांत ती मजूर बहीण बसेपर्यंत आमची लढाई चालू राहील.

त्या गावी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी भाषण करायला नाही. सोबत डॉक्टर आणि वही घेऊन.

जयभीम!